दीड लाख, वायरींचं जंजाळ आणि आजोबांचा दोरा

ताई, नमस्कार. मी मिरजेचा, वय ३१. दिवसा पतसंस्थेत नोकरी, शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. आठ वर्षं एकच यामाहा वापरतोय. गेल्या वर्षभरात मला मॉड्यूलर सिंथेसायझरचं, म्हणजे सुटे भाग वायरींनी जोडून आवाज घडवणाऱ्या यंत्राचं, वेड लागलंय. घरचे झोपले की त्या वायरी आणि लुकलुकणारे दिवे बघत बसतो. दीड लाख साठलेत, कीबोर्ड विकला तर आणखी वीस-पंचवीस हजार येतील. त्यात एक भरलेला युरोरॅक, म्हणजे अशा सुट्या भागांची (मॉड्यूलची) पेटी, घ्यायचा विचार आहे. बावीस मॉड्यूलची यादी सोबत पाठवतोय. बायको म्हणते, लाईटवाल्याच्या पेटीवर दीड लाख? मित्र म्हणतो, लॅपटॉपवर सगळं फुकटात होतं. आईचे वडील तंबोऱ्यांची जवारी काढायचे, लहानपणी त्यांच्याजवळ तासन्‌तास बसायचो, तेव्हापासून मला आवाजाचं हे असं आहे. घेऊ का? आणि घेतलं तर ऑर्केस्ट्रात वापरता येईल का?
– वायरींत अडकलेला, मिरज

वायरींत अडकलेले भाऊ,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. नाही. ऑर्केस्ट्रात नाही वापरता येणार. एका रात्रीत तुम्ही तीसेक गाणी वाजवत असाल. एका गाण्यात बासरी, दुसऱ्यात व्हायोलिनचा ताफा, तिसऱ्यात अकॉर्डियन, आणि निवेदक ‘पुढचं गाणं’ म्हणेपर्यंत तुमचं बोट पुढच्या बटणावर गेलेलं असतं. मॉड्यूलरला स्मरणशक्ती नसते. आज रात्री वायरी जोडून, नॉब फिरवून एखादा आवाज सापडला, वायरी काढल्या की तो गेला. उद्या तस्साच परत लागेल याची खात्री नाही. वहीत आकृती काढून ठेवता येते, मी ठेवते, पण वरातीत वही उघडून कोण बसणार?

म्हणून पहिली गोष्ट, यामाहा विकायचा नाही. तो तुम्हाला पैसे मिळवून देतो आणि पुढे या नव्या पेटीलाही उपयोगी पडेल. त्याची पाठ एकदा बघून घ्या. पाच पिनांचं गोल मिडीचं (वाद्यं एकमेकांना सूर कळवतात त्या तंत्राचं) सॉकेट असेल तर एका वायरीत कीबोर्ड सिंथला जोडला जातो. १९८३ सालचं तंत्र, अजून ठणठणीत आहे. नुसतं यूएसबीचं चौकोनी भोक असेल, आणि बऱ्याच पोर्टेबल कीबोर्डांना तेवढंच असतं, तर मध्ये लॅपटॉप किंवा यूएसबी-मिडी होस्टची एक छोटी डबी लागेल. हे आत्ताच कळलेलं बरं. पार्सल घरी आल्यावर कळलं की रविवार वाया जातो.

आता यादी. बावीस नावं मी चहा घेत नीट वाचली. चार ऑसिलेटर (मूळ आवाज काढणारे), तीन रीव्हर्ब (घुमारा देणारे), दोन सीक्वेन्सर (सूर ओळीने वाजवणारे), ग्रॅन्युलर का काय म्हणतात तेही आहे. व्हीसीए (आवाज कमी-जास्त करणारा) मात्र एकही नाही! मिक्सर नाही, सिग्नल कमी करायला अ‍ॅटेन्युएटर नाही, एका वायरीच्या दोन करायला मल्टिपल नाही. स्वयंपाकघरात चार प्रकारची भाजी आणली आणि पातेलं आणायचं राहिलं, तशी ही यादी आहे. यात तुमचा दोष नाही. व्हिडिओत कॅमेरा ऑसिलेटरवर असतो, व्हीसीएकडे कोणी बघत नाही. पण ऑसिलेटर एकदा चालू झाला की घशातून ‘आ’ काढल्यासारखा सारखा ओरडत राहतो, थांबत नाही. तो स्वर कधी उमटेल, किती चढेल, कधी विरेल, हे व्हीसीए आणि त्याला हुकूम देणारा एन्व्हलप ठरवतात. ते नसतील तर तुमच्याकडे चार भोंगे आहेत, वाद्य नाही.

शिवाय हिशेब चुकलाय. तुम्ही परदेशी दुकानांच्या छापील किमतींची बेरीज केली आहे. त्यात केस नाही, पॉवर सप्लाय नाही, पॅच केबल नाहीत (तीस-चाळीस लागतात, आणि त्या कुठे गायब होतात हे मला आजवर कळलेलं नाही), कुरिअर नाही, सीमाशुल्क नाही, त्यावरचा जीएसटी नाही. हे सगळं धरलं तर दीड लाखात अर्धी यादीही बसणार नाही. बायकोला आकडा सांगाल तो हे सगळं धरून सांगा. एकदा कमी सांगितलात की नंतर येणारा प्रत्येक खोका लपवत बसाल. आणि ‘लाईटवाल्याची पेटी’ हे वर्णन तसं चुकीचंही नाही.

युरोरॅक या प्रकाराची थोडी ओळख करून देते, म्हणजे पैसे नक्की कशाला लागतात ते ध्यानात येईल. १९६० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत दोन माणसं जवळपास एकाच वेळी या कामाला लागली. न्यूयॉर्क राज्यात बॉब मोग, कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला. (उच्चार मोग, मूग नव्हे. कोकणीत मोग म्हणजे प्रेम, त्यामुळे गोव्यातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.) मोगने पियानोची पट्टी जोडली. बुक्लाने ती मुद्दाम टाळली, स्पर्शाच्या पट्ट्या दिल्या. त्याचं म्हणणं असं की काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसल्या की हात जुनीच गाणी वाजवायला लागतात. तुमचे हात आठ वर्षं पट्टीवर आहेत, तेव्हा या भांडणाचा तुमच्याशी थेट संबंध आहे. ती मूळ यंत्रं कपाटाएवढी असत. पुढे १९९० च्या दशकाच्या मध्यात म्युनिकजवळच्या डीटर डॉप्फर यांनी ए-१०० नावाची लहान मापाची मालिका काढली. मॉड्यूलच्या दर्शनी पट्टीची उंची १२८.५ मिलिमीटर, ३.५ मिलिमीटरचे जॅक, अधिक-उणे १२ व्होल्टची वीज. त्या मापात इतर लोक मॉड्यूल बनवू लागले आणि तेच युरोरॅक झालं. म्हणून आज पन्नास कंपन्यांच्या वस्तू एका केसमध्ये बसतात. म्हणूनच खिसाही रिकामा होतो, कारण केसमध्ये रिकामी जागा दिसली की ती भरावीशी वाटते. मी पाच वर्षांत अठरा मॉड्यूल घेतली, त्यातली अकरा विकली, आणि राहिलेल्या सातांवर सुखी आहे.

भारतात हे यंत्र नवं आहे असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये मोगचं मॉड्यूलर आलं. अमेरिकेहून संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी येऊन तो स्टुडिओ उभा केला, संगीतज्ञ गीता साराभाईंचा त्यात मोठा वाटा होता. काही वर्षं तिथे भारतीय मंडळींनी टेपवर काम केलं, मग ते बंद पडलं आणि टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. त्या टेपा लोकांसमोर येऊन अजून दहा वर्षंही झालेली नाहीत. दुसरी गोष्ट मुंबईची. चरणजित सिंग हिंदी सिनेसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलंडची तीन यंत्रं घेऊन, म्हणजे बेसचं टीबी-३०३, तालाचं टीआर-८०८ आणि कीबोर्डचं ज्युपिटर-८, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग बांधले. भैरव, ललत, भूप, मेघमल्हार वगैरे. त्या वेळी कोणी विशेष ऐकलं नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोहून त्याच ३०३ मधून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचं नाचाचं संगीत निघालं आणि आणखी कित्येक वर्षांनी जगाला कळलं की मुंबईचा एक ऑर्केस्ट्रावाला हे आधीच करून बसला होता.

मला यात इतिहासापेक्षा एक तांत्रिक गंमत जास्त आवडते. ते ३०३ एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्यांना साथीला बेस म्हणून काढलं होतं. ते काही बेस गिटारसारखं वाजेना आणि १९८४ मध्ये बंदच केलं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. घसरणं म्हणजे आपली मींड. गिटारवाल्याला नको असलेली गोष्ट रागाला हवी होती. आणि चरणजितजींकडे मॉड्यूलर नव्हतं हो, तीन पेट्या होत्या. तीनच.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते. जाता जाता लिहिलंत, पण माझ्या मते अख्खं पत्र तिथे आहे. तुमचे आजोबा जवारी काढायचे. तुम्ही त्यांच्या शेजारी बसायचात. ते काय करत होते, आठवतंय? घोडीचा पृष्ठभाग घासून, तपासून, पुन्हा घासून त्याला हवा तो उतार द्यायचा. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोरा सरकवायचा. केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी आला की आवाज उघडतो आणि खर्जाच्या तारेतून एकामागून एक वरचे स्वर फुलायला लागतात. नीट ऐकलं तर खर्जात स्वयंभू गंधारही ऐकू येतो. तो कोणी वाजवलेला नसतो.

भाऊ, सिंथेसायझरचा फिल्टर नेमकं हेच करतो. करवतीच्या दात्यांसारख्या लहरीत सगळे उपस्वर भरलेले असतात. पहिला सा, दुसरा वरचा सा, तिसरा पंचम, चौथा पुन्हा सा, पाचवा गंधार, असे वर वर. फिल्टरचा रेझोनन्स (तो कापतो त्या जागेचे स्वर उचलून धरणारी सोय) वाढवून नॉब अगदी सावकाश फिरवला की ते एकेक करून उजळतात. आजोबांचा दोरा आणि हा नॉब यांत फरक इतकाच की दोरा सुती होता.

याच पाचव्या उपस्वराचा गंधार तुमच्या यामाहावर नाही. कीबोर्डची पट्टी सप्तकाचे बारा सारखे तुकडे करते, आणि त्यातला शुद्ध गंधार स्वयंभू गंधारापेक्षा १४ सेंटने चढा असतो. (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. हार्मोनियमवर गवयांचा जो जुना रोष आहे, त्याचं एक कारण हेच.) युरोरॅकमध्ये एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक. म्हणजे अर्धा स्वर साधारण ८३ मिलिव्होल्ट, आणि तुमचा तो बिचारा गंधार जागेवर आणायला सुमारे १२ मिलिव्होल्ट खाली सरकवायचा. नॉब केसभर फिरवायचा, ऐकायचं, पुन्हा फिरवायचा. हे काम तुम्ही लहानपणी बघितलेलं आहे. यासाठी बावीस मॉड्यूल लागत नाहीत.

तर काय करायचं?

आधी तीन महिने एक रुपयाही खर्च करायचा नाही. मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. व्हीसीव्ही रॅक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पडद्यावर हुबेहूब युरोरॅक, वायरीसुद्धा लोंबतात. त्यात फक्त सहा वस्तू घ्या: दोन ऑसिलेटर, एक मिक्सर, एक फिल्टर, एक संथ एलएफओ (नॉब आपोआप सावकाश फिरवल्यासारखं करणारा) आणि आवाज बाहेर काढणारं मॉड्यूल. दोन्ही ऑसिलेटरच्या करवती लहरी मिक्सरमधून फिल्टरमध्ये सोडा. एक सा ला लावा, दुसरा त्याच सा च्या शेजारी आणा. एक २२० हर्ट्झवर आणि दुसरा २२१ वर असला तर दर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येईल. दुसरा हळूहळू जवळ आणलात की हेलकावे लांबत जातात, लांबत जातात आणि एका क्षणी थांबतात. मग तोच पंचमावर न्या. फिल्टरच्या कटऑफला (जिथून तो स्वर कापतो त्या जागेला) एलएफओ जोडा, एक फेरी वीस सेकंदांची ठेवा, रेझोनन्स चढवा, हेडफोन लावा आणि डोळे मिटा. घरात तंबोरा असेल तर तो शेजारी लावून तुलना करा. असेलच, मिरजेत आणि तुमच्या घरात नसेल तर कुठे असायचा!

हे रोज अर्धा तास करा. पंधरा दिवसांत कंटाळा आला तर दीड लाख वाचले, बायकोला साडी घ्या. कंटाळा आला नाही, उलट सातवा उपस्वर शोधायला रात्रीचा एक वाजायला लागला, तर पुढचं वाचा.

मित्राचं दुसरं अर्धं मला पटत नाही. माउसने एका वेळी एकच नॉब फिरतो. खऱ्या पेटीवर डावा हात फिल्टरवर, उजवा पिचवर, आणि दोन्हींच्या मध्ये कान. शिवाय खरा अ‍ॅनालॉग ऑसिलेटर तापमानाने थोडा हलतो. चालू करून पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं, तोवर सा जागेवर बसत नाही. एप्रिलच्या दुपारी पंखा सुरू केला तरी काही ऑसिलेटर कुरकुरतात. बऱ्याच लोकांना हा दोष वाटतो. तंबोरा लावणाऱ्यांच्या नातवाला वाटू नये.

तेव्हा तीन महिन्यांनी एकच पेटी घ्यायची, आणि ती सेमी-मॉड्यूलर. म्हणजे आतली जोडणी कारखान्यातच केलेली, वायर न लावताही वाजते, आणि वायर लावली की ती आतली जोडणी मोडून तुमची चालते. तुमच्या कामाला दोन ऑसिलेटर हवेत, सा आणि पंचम धरायला. बेरिंगरचं न्यूट्रॉन त्यात बसतं: दोन ऑसिलेटर, फिल्टर, दोन एन्व्हलप, मिडी आणि पॅच करायला भरपूर भोकं. उद्या खरंच रॅक घेतलात तर खोक्यातून काढून त्यात बसवताही येतं. मोगचं मदर-३२ आवाजाला देखणं, पण ऑसिलेटर एक आणि किंमत जास्त. कोर्गचं एमएस-२० मिनी मला फार प्रिय आहे, त्याचा फिल्टर अक्षरशः किंचाळतो. पण त्याचा व्होल्टेजचा हिशेब वेगळा आहे. ते व्होल्ट-पर-ऑक्टेव्ह चालत नाही, हर्ट्झ-पर-व्होल्ट चालतं. एकटं वाजवायचं तर उत्तम. युरोरॅकच्या सीक्वेन्सरने वाजवायला गेलात तर सूर लागणार नाही आणि तुम्हाला वाटेल पेटीच बिघडली. जुनं घेणार असाल तर प्रत्येक नॉब फिरवून खरखर ऐका, प्रत्येक जॅकमध्ये वायर हलवून बघा. फोटो बघून पैसे पाठवू नका, मी पाठवले होते आणि बदल्यात गंजलेलं डबडं आलं.

यात दीड लाखातले एक लाखाहून जास्त शिल्लक राहतील. राहू द्या. वर्षभर त्यांना हात लावू नका. वर्षभरात त्या एका पेटीवर ‘इथे मला अमुक हवं होतं’ असं ज्या ज्या वेळी वाटेल, ते वहीत तारखेसह लिहा. एकच गोष्ट चार वेळा आली की ते तुमचं पहिलं मॉड्यूल. माझ्या वहीत ती गोष्ट एक साधा मिक्सर निघाली. फार अपमान वाटला होता.

रॅकपर्यंत पोचलात तर विजेचं सांभाळा. प्रत्येक मॉड्यूल अधिक १२ वर किती मिलिअँपिअर खातं आणि उणे १२ वर किती, याची वेगवेगळी बेरीज करा आणि सप्लायमध्ये पाव हिस्सा शिल्लक ठेवा. मॉड्यूलच्या पाठीला जी चपटी रिबन केबल असते तिच्या एका कडेला लाल पट्टी असते. ती बाजू उणे १२ ची. केबल लावायच्या आधी वीज बंद, प्लग भिंतीतून बाहेर, आणि लाल पट्टी दोन्ही टोकांना तपासायची. मी एकदा घाईत उलटी लावली. पाहुणे बसले होते, त्यांना दाखवायचं होतं. चट्ट असा बारीक आवाज आला आणि मग जळक्या प्लास्टिकचा वास, पाहुण्यांना वाटलं स्वयंपाकघरात काही लागलं. सहा हजारांचं मॉड्यूल होतं. ते अजून टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून.

आणि अर्थिंग. जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाला आतून वायर असतेच असं नाही. मग ५० हर्ट्झची घूं सगळ्या आवाजाखाली बसते. ती फिल्टरनेही जात नाही आणि तुमच्या सा शी तिचं पटत नाही. पेटी घ्यायच्या आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. हा खर्च बायकोला आवडेल, गीझरलाही उपयोग होतो.

यादी फाडू नका. मला परत पाठवायची असेल तर तीन महिन्यांनी पाठवा. तोवर तिच्यात एक व्हीसीए घाला आणि दोन रीव्हर्ब खोडा.